सौनातलं रेल्वे स्टेशन

आमच्या फ्लॅटमध्ये सौना आहे.
लाहतीत तो बहुतेकांकडे असतो,
त्यात मिरवण्यासारखं काही नाही.
आमच्या सौनात मात्र माणसं बसत नाहीत.
वरच्या फळीवर किल्ला बसतो,
त्याला टेकून दोन अग्निशमन केंद्रं,
खालच्या फळीवर रेल्वे स्टेशन, तीन नग,
आणि जिथे दगड तापायचे
तिथे चाच्यांचं जहाज.
सगळं सीलबंद.

"कोरडी जागा," आउलिस म्हणतो,
"ऊन नाही, ओल नाही, मांजर नाही."
मांजर जाऊन चार वर्षं झाली.
बटणावर त्याने लाल चिकटपट्टी लावली आहे,
पट्टीवर पेनाने: हेल्वी, नको.

प्लायवूडच्या कारखान्यातून तो येतो,
हात धुतो, वही उघडतो.
कंपनीने एखादा संच बनवायचा थांबवला
की त्या संध्याकाळी आमच्याकडे केक.
"गेला!" म्हणतो, आणि हसतो.
गेला की भाव चढतो.
मेल्या म्हशीला मणभर दूध, ते हेच असावं.

कोपरा चेपला तर वीस युरो गेले,
म्हणून खोका उचलायचा कसा,
तर पाच दिवसांचं बाळ उचलावं तसा.
आमच्या ओल्लीला त्याने असं कधी उचललं नव्हतं.
खोटं कशाला बोलू, उचललं होतं.
एकदा.

हलवून बघायचं नाही, असा नियम.
तो कामावर गेला की मी हलवते.
कान लावला की आतले दोन हजार तुकडे
एका बाजूला धावतात,
शाळा सुटल्यासारखे.

फेब्रुवारीत तुर्कूहून एक माणूस आला, रेइयो,
लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, टकलू.
त्याला स्टेशन हवं होतं.
एकशे ऐंशीला घेतलेलं सहाशे चाळीसला गेलं,
नोटा रोख, दोनदा मोजून.
आउलिसने खोका फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळला,
दुसरा थर माझ्या जुन्या चादरीचा.
मला विचारलं नाही.

मग आम्ही तिसऱ्या मजल्यावरून बघत राहिलो.
गाडी सुरू होईना.
आतला दिवा लागला.
चादर मागच्या सीटवर गेली.
"हेल्वी, तो फोडतोय."
"त्याचं आहे."
"इथेच? गाडीत?"
बाहेर उणे अठरा. रेइयोने अंगठ्याच्या नखाने
सील असं उसवलं, जसं कुणी
रुग्णालयातून आलेलं पत्र उघडतं.
आउलिस काचेशी पुटपुटत होता:
पाचशे. तीनशे. आता दीडशेसुद्धा नाही.

स्टिअरिंगवर पुस्तिका, डॅशबोर्डवर फलाट.
अर्ध्या तासाने दार उघडलं,
काहीतरी बर्फात पडलं,
आणि तो माणूस गुडघ्यांवर बसला,
मोबाइलचा उजेड धरून.
आउलिस टॉर्च घेऊन खाली गेला,
बुटांच्या नाड्या न बांधता.
वरून मला दिसली दोन टकलं,
बर्फ चाळणारी,
बोलत नव्हती.

सिग्नलचा पिवळा दिवा. सापडला नाही.
आउलिस वर आला, धापा टाकत,
सौनात शिरला,
आणि मी टर्र असा आवाज ऐकला
जो या घरात अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता.
दुसरं स्टेशन.
सात नंबरची पिशवी, वही न बघता.
मुठीत काहीतरी धरून तो परत खाली पळाला,
अर्ध्या ग्रॅमसाठी
सहाशे चाळीस युरो उघडे टाकून.

तो खोका आता स्वयंपाकघरात आहे.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
काल रात्री तिथे एक नंबरची पिशवी फुटलेली होती,
आज सकाळी फलाटाला चार खांब.
मी त्यातला एकच लावला आहे.

लाल पट्टी अजून जागेवर आहे.
पण खालच्या फळीवर
एक माणूस मावेल एवढी जागा झाली आहे.
मी मोजली.
कोट घालून, अंधारात, थंड फळीवर
बसून बघितलं.